श्वास सावकाश, डोके पाण्याबाहेर

‘खोल श्वास घ्या, मेंदूला भरपूर ऑक्सिजन मिळेल आणि एकाग्रता वाढेल.’ हे वाक्य आपण योगवर्गात ऐकतो, शाळेच्या परिपाठात ऐकतो, दहावी-बारावीच्या परीक्षांआधी भरणाऱ्या मार्गदर्शन शिबिरांत ऐकतो आणि २१ जूनच्या योगदिनी तर हमखास ऐकतो. अलीकडे त्याला पाण्याचीही जोड मिळाली आहे. जलतरण तलावात छातीइतक्या पाण्यात उभे राहून सौम्य आसने करायची, प्राणायाम करायचा, थोडा वेळ पाठीवर तरंगायचे आणि मन शांत करून घरी परतायचे, असे ‘जलयोगा’चे वर्ग शहरांतून सुरू झाले आहेत. त्यात गुडघेदुखीने बेजार झालेले ज्येष्ठ असतात, तसेच ‘अभ्यासात लक्ष लागत नाही’ म्हणून पालकांनी आणून सोडलेली मुलेही असतात.

श्वासाचा अभ्यास उपयोगी आहे. पाण्यातली आसनेही अनेकांसाठी उपयोगी आहेत. मात्र त्यांच्या उपयोगाचे जे कारण सांगितले जाते, ते चुकीचे आहे. कारण चुकले तरी फायदा होतोच ना, मग बिघडले कुठे, असे कुणी म्हणेल. बिघडते ते असे, की चुकीच्या कारणातून चुकीची कृती जन्माला येते. ‘जास्त हवा म्हणजे जास्त फायदा’ ही समजूत जमिनीवर फार तर चक्कर आणते. तीच समजूत घेऊन माणूस पाण्यात उतरला तर जीव जाऊ शकतो.

आधी ऑक्सिजनचा हिशेब पाहू. करोनाच्या साथीत घरोघरी पल्स ऑक्सिमीटर आला. बोटाला लावल्यावर निरोगी माणसाचा आकडा साधारण ९५ ते १०० च्या दरम्यान दिसतो, हे आता सर्वांना ठाऊक आहे. याचा अर्थ असा, की नेहमीच्या श्वासातही रक्तातील हिमोग्लोबिन ऑक्सिजनने जवळपास काठोकाठ भरलेले असते. भरलेल्या हंड्यात आणखी पाणी ओतले तर ते सांडते, हंडा मोठा होत नाही. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असते आणि विश्रांतीच्या वेळी तो शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के वापरतो, हे खरे आहे. पण निरोगी फुप्फुसे ही मागणी झोपेतही न चुकता भागवत असतात. त्यासाठी छाती फुगवून हवा भरण्याची गरज नसते.

उलट, जोरजोराने आणि भराभर श्वास घेतला तर मेंदूला होणारा रक्तपुरवठा कमी होतो. भरभर श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड मोठ्या प्रमाणात बाहेर टाकला जातो. या वायूला आपण निव्वळ कचरा समजतो, पण मेंदूतल्या रक्तवाहिन्या किती रुंद राहाव्यात हे बऱ्याच अंशी तोच ठरवतो. त्याचे प्रमाण घसरले की त्या वाहिन्या आकुंचन पावतात. शिवाय हिमोग्लोबिन आपल्याजवळचा ऑक्सिजन पेशींना सहजासहजी सोडत नाही. मग डोके हलके होते, ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. पुष्कळांना हे ‘ऊर्जा जागी झाल्याचे’ लक्षण वाटते. प्रत्यक्षात ते मेंदूला रक्त कमी पडल्याचे लक्षण असते.

ही शंका नवी नाही आणि ती परदेशातून आलेलीही नाही. लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधामची स्थापना केली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. योगक्रिया प्रयोगशाळेत मोजून पाहायच्या, हा त्यांचा आग्रह होता. प्राणायामात साध्या श्वासापेक्षा फार जास्त ऑक्सिजन शोषला जातो, या समजुतीला तिथल्या मोजमापांनी दुजोरा दिला नाही. प्राणायामाचे मोल ऑक्सिजनच्या मोजमापात शोधू नये, ते मज्जासंस्थेवरच्या परिणामात शोधावे, अशी त्यांची भूमिका होती. आपल्याच मातीत शंभर वर्षांपूर्वी सुरू झालेली ही चिकित्सा आपण विसरलो आणि ऑक्सिजनचे पालुपद तेवढे धरून बसलो.

मग श्वासाच्या अभ्यासाने नेमके काय होते? त्याचे उत्तर श्वासाच्या गतीत आहे. प्रौढ माणूस विश्रांतीच्या वेळी मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना किंचित कमी होतात. श्वास सोडण्याच्या काळात व्हेगस ही मज्जातंतूची जोडी हृदयाला आवर घालत असते. श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आणला आणि उच्छ्वास लांबवला, की ठोक्यांचा हा चढउतार मोठा व लयबद्ध होतो आणि रक्तदाबाचे नियमन करणारी यंत्रणा त्या लयीशी जुळते. धावपळीच्या स्थितीतून शरीर विसाव्याच्या स्थितीकडे झुकते.

इटलीतील लुचानो बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी २३ निरोगी व्यक्तींना कॅथलिक जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना आणि एक योगमंत्र म्हणायला लावले. दोन्हींमुळे श्वासाची गती मिनिटाला सहाच्या आसपास आली आणि हृदय व रक्तदाब यांच्या लयी परस्परांशी जुळल्या. धर्म वेगळे आणि भाषाही वेगळ्या, पण लय एकच. हे वाचताना आपल्या घरांतला जुना परवचा आठवावा. तिन्हीसांजेला हातपाय धुऊन, दिव्यासमोर बसून, एका श्वासात एक ओळ अशी स्तोत्रे आणि पाढे म्हणणारी मुले नकळत लांब उच्छ्वासाचाच सराव करत होती. ‘मेंदूला ऑक्सिजन’ असे त्यांना कुणी सांगितले नव्हते.

श्वासाचा आणि मनाच्या सावधपणाचा थेट दुवाही आता दिसू लागला आहे. श्वासाची लय ठरवणारा पेशींचा एक छोटा समूह मेंदूच्या तळाशी असतो. २०१७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या उंदरांवरील संशोधनात असे आढळले, की या समूहातल्या दोनशेहून कमी पेशी मेंदूच्या ‘जागल्या’ केंद्राला सतत खबर देत असतात. हे केंद्र नॉरअॅड्रेनलिन सोडून सगळ्या मेंदूला सावध करते. त्या मोजक्या पेशी काढून टाकल्यावर उंदीर श्वास तर नीट घेत होते, पण कमालीचे शांत झाले होते. उंदरांवरचा निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही. तरीही श्वास भरभर चालला की मन सैरभैर होते आणि मंदावला की ते निवते, या रोजच्या अनुभवामागे शरीरातली एक वाट असावी, हे यातून समजते. श्वास चंचल तर चित्तही चंचल, हे हठयोगाच्या ग्रंथांनी निरीक्षणातून फार पूर्वीच नोंदवले होते.

एकाग्रतेसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे आणि ती अगदी साधी आहे. श्वास मोजणे हाच लक्ष देण्याचा सराव आहे. एक ते दहा श्वास मोजायला बसा. चौथ्या-पाचव्या श्वासाला मन गॅसवर ठेवलेल्या दुधाकडे किंवा फोनमधल्या संदेशाकडे पळते. ते पळाल्याचे ध्यानात येणे आणि त्याला पुन्हा श्वासावर आणणे, या दोन कृती मिळून एक ‘जोर’ झाला असे समजा. पैलवान जसे जोर मारतो, तशीच ही लक्षाची तालीम. पतंजलींच्या अष्टांगांत प्राणायाम चौथा आणि धारणा सहावी येते, हा क्रम पाहण्यासारखा आहे. श्वास ही एकाग्रतेची पूर्वतयारी आहे, एकाग्रता नव्हे.

पुरावा किती आहे, हेही सांगायला हवे. आपल्या देशातल्या योग संशोधकांनी अक्षरे खोडण्याच्या चाचण्या वापरून श्वासतंत्रांचे परिणाम तपासले आहेत. कागदभर अक्षरांतून ठरावीक अक्षरे ठरावीक वेळात शोधून खोडायची, अशी ही चाचणी असते. काही तंत्रांनंतर कामगिरी सुधारलेली दिसते. पण अशा अभ्यासांत सहभागींची संख्या बहुधा कमी असते आणि परिणाम मोजला जातो तो लगेच, त्याच बैठकीत. शिवाय आपण प्राणायाम करतो आहोत हे करणाऱ्याला माहीत असते, त्यामुळे औषधासारखी ‘खोटी गोळी’ देऊन तुलना करणे अवघड जाते. म्हणून ‘थोडा वेळ मन स्थिर होण्यास मदत होते’ इतके म्हणता येईल. ‘गुण वाढतात’ असे म्हणता येणार नाही. जो वर्ग गुणांची हमी देतो, तो योग शिकवत नसून पालकांची धास्ती विकत असतो.

करायचे काय, ते पाच मिनिटांत मावते. पाठ ताठ पण सैल ठेवून बसावे. नाकाने, मनात चार अंक मोजत श्वास घ्यावा आणि सहा अंक मोजत सोडावा. अंक साधारण एका सेकंदाला एक. छाती फुगवण्याची गरज नाही, पोट अलगद पुढे आले की पुरे. श्वास कोंडायचा नाही. दम लागला, घाबरल्यासारखे झाले तर अंक कमी करावेत. अभ्यासाला किंवा कामाला बसण्याआधी हे रोज केले तर हळूहळू शरीराला त्या लयीची सवय लागते. मात्र पाच तास झोपलेल्या आणि उशाशी मोबाइल ठेवणाऱ्या मुलाला पाच मिनिटांचा श्वास तारणार नाही. आधी झोप, मग दुसऱ्या खोलीत ठेवलेला फोन, मग श्वास, हा क्रम पाळावा. आणि मुलाचे लक्ष सतत, शाळेत आणि घरीही विचलित होत असेल तर शिबिराऐवजी बालरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठावा.

आता पाण्याकडे वळू. पाणी शरीराचा भार उचलून धरते. कमरेइतक्या पाण्यात पायांवर शरीराचा साधारण निम्मा भार येतो, छातीइतक्या पाण्यात सुमारे एक तृतीयांश आणि गळ्याइतक्या पाण्यात जेमतेम एक दशांश. ज्यांना जमिनीवर दहा पावलांत गुडघा आठवतो, त्यांना छातीइतक्या पाण्यात वृक्षासन जमते ते यामुळेच. तोल गेला तर आपटण्याची भीती नसते, पाणी सावरून घेते. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन असल्याने हालचालीला सगळीकडून सौम्य विरोध होतो. घाई करताच येत नाही. काठाला हात लावून ताडासन, भिंतीजवळ वृक्षासन, पाय रोवून वीरभद्रासन आणि शेवटी मानेखाली व गुडघ्यांखाली तरंगता फोमचा दांडा घेऊन, शेजारी माणूस उभा ठेवून शवासन, एवढा क्रम पुष्कळ झाला.

एकाग्रतेसाठी पाण्याचा फायदा आहे तो असा, की पाणी स्थिर नसते. शेजारच्याने हात हलवला तरी लाट येते आणि तळपायांना पुन्हा तोल शोधावा लागतो. मन भरकटले की शरीर लगेच डुलते आणि कळते. जमिनीवर डोळे मिटून बसल्यावर मन कुठे गेले हे कळायला वेळ लागतो, पाण्यात लगेच पावती मिळते. फोन अर्थातच काठावर राहतो, हाही लहान लाभ नव्हे. मात्र पाण्यात केल्याने जमिनीपेक्षा एकाग्रता जास्त वाढते, असे म्हणण्याइतका पुरावा हाती नाही. ज्यांना जमिनीवर बसवत नाही, उभे राहवत नाही, त्यांना पाणी दार उघडून देते, हेच त्याचे खरे मोल.

पण पाण्यात शरीराच्या आत बरेच काही बदलते, ते शिकवणाऱ्याला माहीत हवे. गळ्यापर्यंत पाण्यात उभे राहिले, की पाण्याच्या दाबाने पायांतले आणि पोटातले रक्त छातीकडे सरकते. हे प्रमाण सुमारे ७०० मिलिलिटर, म्हणजे पाऊण लिटरच्या जवळपास असते. हृदयाला दर ठोक्याला जास्त रक्त ढकलावे लागते. छातीवरही बाहेरून दाब असल्याने श्वास घेण्याचे श्रम वाढतात. निरोगी माणसाला हे जाणवतही नाही. पण हृदय कमजोर असलेल्या, रक्तदाब आटोक्यात नसलेल्या, फेफरे येणाऱ्या किंवा दम्याचा त्रास उसळलेल्या व्यक्तीने डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये. ज्येष्ठांनी छातीच्या खालपर्यंतच पाणी ठेवावे. संथ आसनांसाठी पाणी ३३ ते ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास कोमट असावे लागते. आपले बहुतेक तलाव त्याहून बरेच गार असतात. कुडकुडत शवासन होत नाही, तेव्हा अंग गार पडू लागले की बाहेर यावे.

आता धोक्याकडे येऊ. आपल्याकडे गावोगावी विहिरीत बुडी मारून कोण जास्त वेळ राहतो याच्या पैजा लागतात. तळाची माती मुठीत आणून दाखवणे हा पुरुषार्थ मानला जातो. बुडी मारण्याआधी मुले भराभर, मोठमोठे श्वास घेतात. ‘हवा भरून घेतोय,’ असे सांगतात. उन्हाळी शिबिरांतल्या तलावातही पाण्याखाली श्वास रोखण्याची स्पर्धा होते आणि हल्ली तिला ‘जल-प्राणायाम’, ‘एकाग्रतेचा व्यायाम’ अशी भारदस्त नावे मिळू लागली आहेत.

इथे ऑक्सिजनची चुकीची समजूत प्राणावर बेतते. श्वास घेण्याची अनावर ऊर्मी आपल्याला मुख्यतः ऑक्सिजन कमी झाल्यामुळे होत नाही. ती होते कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. आधी भरभर श्वास घेऊन हा वायू बाहेर टाकला, तर धोक्याची घंटा वाजायला उशीर होतो. ऑक्सिजनचा साठा मात्र फारसा वाढलेला नसतो, कारण हंडा आधीच भरलेला होता. परिणामी पाण्याखाली ऑक्सिजन संपत आला तरी ‘वर ये’ हा इशारा मिळत नाही आणि माणूस एकदम बेशुद्ध होतो. अल्बर्ट क्रेग या अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९६१ साली अशा घटनांची नोंद वैद्यकीय नियतकालिकात केली होती. यात खोल पाणी लागत नाही. उभे राहता येईल इतक्या पाण्यातही हे घडते, आणि उत्तम पोहणाऱ्यांच्या बाबतीतही घडते. बुडणारा हातपाय मारत नाही, ओरडत नाही. काठावरच्यांना वाटते, गडी आज विक्रम करणार. ते टाळ्या वाजवत असतात आणि ती काही मिनिटे निघून जातात.

यावर ‘आपल्या परंपरेत जलप्राणायाम आहेच’ असे उत्तर येते. हठप्रदीपिकेत सांगितलेल्या आठ कुंभकांपैकी एक प्लाविनी आहे, हे खरे. पोटात हवा भरून कमळाच्या पानासारखे पाण्यावर तरंगावे, असे तिचे वर्णन आहे. विहिरीत पद्मासन घालून तासन् तास तरंगणारे आजोबा आपल्यातल्या अनेकांनी पाहिलेही असतील. पण त्या वर्णनात साधक पाण्यावर तरंगतो, पाण्याखाली दडून बसत नाही. त्याच ग्रंथात असेही बजावले आहे, की सिंह, हत्ती किंवा वाघ जसा हळूहळू वश करावा तसा श्वास हळूहळू वश करावा, नाही तर तो साधकालाच मारतो. परंपरेचे नाव घ्यायचे तर हा इशाराही सोबत घ्यावा.

म्हणून माझे म्हणणे तीन गोष्टींचे आहे. पहिली, महापालिका, क्रीडासंकुले आणि सोसायट्या यांनी आपल्या तलावांवर ‘धावू नका’, ‘सूर मारू नका’ या पाट्यांशेजारी आणखी एक पाटी लावावी: भराभर श्वास घेऊन बुडी मारू नका, पाण्याखाली श्वास रोखण्याच्या स्पर्धा घेऊ नका. जीवरक्षकाला असा खेळ थांबवण्याचा अधिकार असावा. दुसरी, पाण्यात योग शिकवणाऱ्याने कपालभाती, भस्त्रिका आणि कुंभक हे तिन्ही तलावाबाहेर ठेवावेत. पाण्यात फक्त सावकाश, न रोखलेला श्वास, आणि तोही नाक-तोंड पाण्याबाहेर ठेवून. वर्ग सुरू असताना पोहणे आणि प्राण वाचवणे येणारा माणूस काठावर हजर असलाच पाहिजे. तिसरी, शाळांनी परिपाठात पाच मिनिटे लांब उच्छ्वासाला द्यावीत, पण गुणांचे आमिष न दाखवता आणि ऑक्सिजनची कहाणी न सांगता. पाचवीतल्या मुलालाही खरे कारण समजते: श्वास सावकाश सोडला की हृदय सावकाश होते आणि मनाला थांबायला जागा मिळते.

यातल्या एकाही गोष्टीला मोठा खर्च नाही. पाटी रंगवायला काही शेकडे रुपये पुरतील आणि लांब उच्छ्वासाला तेवढेही लागत नाहीत. उन्हाळी शिबिरासाठी मुलाचे नाव नोंदवताना पालकांनी शुल्काबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा: पाण्यात मुलांना श्वास रोखायला लावता का? उत्तर ‘हो, एकाग्रतेसाठी’ असे आले, तर अर्ज परत घ्यावा आणि मुलाला नुसते पोहायला शिकवणारा दुसरा तलाव शोधावा.